पिशवी, पिशवी, वस्तू

बस कंपनीच्या ‘हरवलं-सापडलं’ खिडकीमागे बसणाऱ्या कारकुनाचं खरं नाव कुणाला धड आठवायचं नाही. सगळे त्यांना खूणवाले म्हणत. कुणी रडवेल्या तोंडानं खिडकीशी येऊन "अहो, माझी छत्री बसमध्ये राहिली हो" म्हटलं, की हे चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारायचे, "खूण सांगा."

काळी आहे? अहो, छत्र्या काळ्याच असतात, खूण सांगा! मग माणूस डोकं खाजवायला लागायचा. मुठीला चीर आहे, एक काडी वाकलीय, आतून ठिगळ लावलंय. तेवढं जुळलं की खूणवाले मागच्या फळीवरून छत्री काढून पुढे करायचे. नाही जुळलं तर साक्षात कंपनीचा मालक आला तरी छत्री जागची हलायची नाही.

ही शिकवण त्यांना आधीच्या म्हाताऱ्या कारकुनाची. "खूण आपल्या पोटात ठेवायची," तो म्हणायचा. "समोरच्यानं सांगायची, आपण फक्त मान हलवायची. एकदा का ती आपल्या तोंडून बाहेर पडली, की गावातला प्रत्येक लबाड त्या छत्रीचा बाप होऊन दारात उभा." खूणवाल्यांनी हे इतकं मनावर घेतलं, की घरी बायकोनं "अहो, माझा कंगवा दिसला का?" विचारलं तरी तोंडून निघून जायचं, "खूण सांग." बायको म्हणायची, "दात पडलेत त्याचे, तुमच्यासारखेच."

पुढे कंपनीला हुक्की आली आणि सापडलेल्या वस्तूंचं एक पान वेबसाइटवर निघालं. बसमधून आलेला माल उतरवून घेणारी एक बाई शेजारच्या टेबलावर बसायची. तिला सगळे आवकबाई म्हणत. तिनं प्रत्येक वस्तू मांडून फोटो काढायचा आणि खूणवाल्यांनी तो नंबर घालून पानावर चढवायचा. फोटोजवळ आणखी एक रकाना होता, ‘चित्राचं वर्णन’. तो रिकामा ठेवला की तपासणीचा प्रोग्राम लाल फुली दाखवायचा. काहीही भरलं की हिरवी खूण. शिकवायला आलेल्या माणसानं सांगितलं होतं, की ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन हे वर्णन मोठ्यानं वाचून दाखवतो, म्हणून ते नीट लिहायचं. खूणवाल्यांनी मान हलवली. पण वर्णन म्हणजे खूणच की! ती आपण कशी सांगायची? त्यांनी लिहिलं, ‘पिशवी’. पुढच्या फोटोला ‘पिशवी’. छत्रीला ‘वस्तू’, चष्म्याला ‘वस्तू’, मग परत ‘पिशवी’.

आता गंमत बघा. फोटोत सगळं उघडं पडलेलं. चीर, ठिगळ, वाकलेली काडी, सगळं. डोळस लबाडाला ते घरबसल्या दिसत होतं. खूण लपली ती फक्त ज्याला डोळे नाहीत त्याच्यापासून. दार सताड उघडं आणि किल्ली मात्र कमरेला! पण एवढा विचार कोण करतो? हिरवी खूण आली की खूणवाले हात झटकून चहाला मोकळे.

अशातच एका दुपारी फोन वाजला. खूणवाल्यांनी नुकताच डबा उघडला होता.

"साहेब, माझी एक पिशवी बसमध्ये राहिली. त्यात..."

"आधी नंबर सांगा. वेबसाइटवर फोटोखाली नंबर असतो."

"मला दिसत नाही हो. फोन वाचून दाखवतो, तर तो नुसता पिशवी, पिशवी, वस्तू, पिशवी, असंच म्हणतो. त्यातली माझी कुठली, ते कळायचं कसं?"

"घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा."

"घरात कुणी नाही आता."

"मग शेजारी असतील की! आणि काका, नंबराशिवाय इथे येऊ नका. उगाच हेलपाटा पडेल."

पलीकडचा माणूस आणखी काहीतरी सांगू बघत होता. खूणवाल्यांनी फोन ठेवला आणि पोळी मोडली. आवकबाईनं विचारलं, "कोण होतं?" ते म्हणाले, "कोण असणार? एकाची पिशवी." आणि विसरून गेले.

मुदत संपली की दामाच्या वस्तू लिलावात जायच्या आणि किरकोळ सामान ऑफिसात वाटलं जायचं. ही जुनीच रीत होती. वरच्यांना ठाऊक होती, चोरीमारीचं काही नव्हतं. त्या वेळी खूणवाल्यांच्या वाट्याला एक बदामी कापडी पिशवी आली. आत पिवळ्या लोकरीचा स्वेटर, अर्धवट विणलेला. सुया बाहीतच अडकलेल्या आणि तळाशी लोकरीचे गुंडे.

बायकोनं तो मांडीवर पसरला आणि बराच वेळ नुसता हात फिरवत बसली. "कुणीतरी फार मायेनं विणलंय हो. टाका बघा कसा घट्ट! माझा जन्मात असा यायचा नाही." मग गळ्याशी तिचा हात थांबला. "इथे आतून गाठ आहे. इतकं चोख विणणारी बाई अशी गाठ कशी ठेवेल? उसवायला जीव होत नाही बाई माझा."

"अगं, बेवारस आहे," खूणवाले म्हणाले. "कुणी आलं नाही विचारायला. उसव आणि मला एक मफलर करून टाक. खिडकीत बसून मान आखडते थंडीत."

तिनं उसवला. मफलर झाला. उबदार, पिवळाधमक. ऑफिसात सगळे म्हणाले, "वा, खूणवाले! दुरूनसुद्धा ओळखू येता." तेही गळ्याभोवती दोन वेढे देऊन ऐटीत बसायचे.

थंडी ऐन भरात असताना ऑफिसात नवीन मॅडम आल्या. बोलायला गोड, पण नजर फिरली की माणसाच्या तोंडचं पाणी पळायचं. त्यांनी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं, स्वतःच्या फोनवर ती वाचून दाखवायची सोय चालू केली आणि कंपनीचं पान उघडलं. फोन बोलायला लागला, "पिशवी. पिशवी. वस्तू. पिशवी. वस्तू. वस्तू. पिशवी." आधी एकजण फिसकन हसला, मग सगळेच हसले. आवकबाईनं पदर तोंडाला लावला. मॅडमनी फोन बंद केला नाही. तो बोलतच राहिला आणि हळूहळू सगळे गप्प झाले.

"हे तुम्ही लिहिलंय ना?" मॅडम म्हणाल्या. "मग आता डोळे मिटा आणि यातून तुमची छत्री शोधून दाखवा."

खूणवाल्यांचे कान तापले. "मॅडम, खूण सांगितली तर लबाड..."

"लबाडांना फोटो दिसतो, खूणवाले."

या एका वाक्यापुढे बिचाऱ्यांचा सगळा धडा कोलमडला. इतकी वर्षं पोटात जपलेला नियम, आणि त्याला बूडच नाही! मॅडमनी हुकूम सोडला. पानावरच्या सगळ्या फोटोंना नीट वर्णनं लिहायची, जुन्यांनासुद्धा.

मग खूणवाले कामाला लागले आणि पहिल्यांदाच त्या फोटोंकडे बघायला लागले. आधी ते फक्त चढवायचे. आता एकेका छत्रीशी थांबून मूठ कसली, कापड कुठे विटलंय, ते शब्दांत आणावं लागत होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायला लागलं. असं करत करत जुन्या फोटोंपर्यंत आले आणि समोर तो स्वेटर आला.

पडद्यावर टेबल, टेबलावर पिवळा स्वेटर. एक बाही पूर्ण, दुसरी कोपराशी थांबलेली. खूणवाल्यांचा हात आपोआप गळ्याशी गेला. घरी नेताना नाही, उसवताना नाही, पण आता त्यांना प्रश्न पडला. कोण होती ती? बाही कोपरापर्यंत येऊन का थांबली? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. मफलरची टोकं त्यांनी कोटाच्या आत खुपसली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

जे गेलं ते गेलं, आता निदान लिहू तरी चांगलं, असं त्यांनी ठरवलं. कधी लिहिलं नव्हतं इतकं मन लावून लिहिलं. ‘मोहरीच्या फुलासारख्या पिवळ्या लोकरीचा, मोठ्या माणसाचा स्वेटर. हातानं विणलेला, अर्धवट. पाठ आणि पुढचा भाग तयार. एक बाही पूर्ण, दुसरी कोपरापर्यंत. टाके घट्ट आणि एकसारखे. बाहीत दोन लाकडी सुया, एकीच्या टोकावर दातांच्या खुणा. बाजूला लोकरीचे गुंडे आणि बदामी कापडी पिशवी.’ हिरवी खूण आली. त्यांना जरा हलकं वाटलं.

पण एक गोष्ट राहून गेली. निकालात निघालेल्या वस्तूच्या फोटोवर कंपनी तिरपी लाल पट्टी मारायची, ‘निकाली’. ती पट्टी फोटोतच होती. बघणाऱ्याला ती आधी दिसायची. ऐकणाऱ्याला ती कुणी सांगितलीच नव्हती. खूणवाल्यांनी स्वेटर लिहिला आणि पट्टी लिहायची विसरले.

त्यानंतर लवकरच, सकाळी खिडकी उघडल्या उघडल्या, एक म्हातारे गृहस्थ पांढरी काठी टेकत आत आले. अंगात जुना कोट, बोटांना वेताच्या सालींचे चरे. चेहरा असा फुललेला, जणू घरी पाहुणे आलेत.

"सापडला हो!" त्यांनी खिडकीच्या फळीवर हात ठेवला. "मोहरीच्या फुलासारखा पिवळा. एक बाही पूर्ण, दुसरी कोपरापर्यंत. सुईवर दातांच्या खुणा. माझ्या हिच्याच त्या, टाके मोजताना सुई चावायची सवय तिला. मी रोज ऐकतो तुमचं पान. रोज पिशवी, पिशवी, पिशवी! आणि काल अचानक माझा स्वेटर बोलला."

खूणवाले उभेच राहिले. मफलर गळ्यात होता. पिवळाधमक, दोन वेढे.

"आणि तुम्ही लिहिली नाही अशीही एक खूण आहे," म्हातारे म्हणाले. "पाठीच्या गळ्याशी आतून एक गाठ आहे. मला हात लावून कळावं, पाठ कुठली नि पोट कुठलं. घाईत उलटं घालतो ना मी. ती गेली आणि बाही राहिली. तिच्या बहिणीकडे पुरा करायला घेऊन निघालो होतो, तर उतरताना पिशवी विसरलो. असा मी गाढव."

आवकबाईनं मान वर केली, मफलरकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. सगळ्या ऑफिसाला दिसत होतं. दिसत नव्हतं ते फक्त ज्याचं होतं त्याला.

"काका," खूणवाले म्हणाले, "तो... मुदत संपली होती. लिलावात गेला."

म्हाताऱ्यांचा चेहरा एकदम विझला नाही. आधी हसू तसंच राहिलं, नुसतं रिकामं. मग त्यांनी हात फळीवरून काढला. "पण वाचलं ना फोननं."

"वर्णन नंतर लिहिलं. निकाली लिहायचं राहिलं. चूक झाली."

"हं." त्यांनी काठी चाचपली. "घेणारी बाई पुरा करेल का हो तो?"

"करेल की," खूणवाले म्हणाले.

"मग बरंय. कुणाच्या तरी अंगात जाईल. तुम्ही इतकं छान लिहिलंत, तुमचे आभार." आणि काठी टेकत ते बाहेर, समोरच्या थांब्यावर जाऊन बसले.

आभार! शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. खूणवाले खुर्चीत बसले, उठले, पाणी प्यायले. मफलर गळ्याला फास लागल्यासारखा वाटायला लागला. आवकबाई कागदांतून मान वर न काढता म्हणाली, "त्यांची बस उशिरा आहे आज." एवढंच म्हणाली, पण बस्स झालं.

खूणवाले बाहेर गेले. बाकावर म्हाताऱ्यांशेजारी बसले. मफलर सोडला आणि त्यांच्या हातात ठेवला.

म्हाताऱ्यांनी तो चाचपला. बोटं या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली. वेताच्या खुर्च्या विणण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. विणीवरून हात ओळखणं त्यांना काही अवघड नव्हतं.

"लोकर तीच आहे," ते म्हणाले. "हात दुसरा आहे."

"माझ्या बायकोचा. तिला उसवायचा नव्हता. मी उसवायला लावला. बेवारस आहे म्हणालो." खूणवाल्यांचा आवाज फाटला. "काका, लिलाव वगैरे सगळं खोटं. मी खोटं बोललो तुमच्याशी."

"ते तुमच्या आवाजावरून कळलं होतं. आणि फोनवरचे तुम्हीच, तेही तुम्ही काका म्हणालात तेव्हाच कळलं. म्हटलं, तेव्हा यांनी हाकललं, आता इतकं चांगलं लिहिलंय, तर कशाला उकरा." ते मफलर हातात धरून बसले आणि मग एकदम चिडून म्हणाले, "अहो, शेजारणीला किती वेळा म्हटलं, जरा बघ, जरा बघ! तिला वेळ नव्हता. तुम्ही म्हणालात नंबराशिवाय येऊ नका, म्हणून आलो नाही. माणसानं ऐकायचं तरी कुणाचं?"

बस आली. म्हातारे उठले आणि मफलर खूणवाल्यांच्या मांडीवर ठेवला.

"सुया आहेत का?"

"आहेत. घरी आहेत."

"त्या आणून द्या. वेताच्या दुकानामागे राहतो मी. कुणीही सांगेल."

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर खूणवाले सुया आणि उरलेली लोकर घेऊन गेले. बायको बरोबर यायला निघाली होती, तर दारातच रडायला लागली आणि मागे फिरली. म्हाताऱ्यांची खोली एकच, पण लख्ख. मधोमध एक खुर्ची, बैठक अर्धी विणलेली, वेताची टोकं लोंबत होती. सुया हातात घेतल्यावर म्हाताऱ्यांनी त्या चावलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. फिरवत राहिले. खूणवाल्यांना कुठे बघावं कळेना.

"एक काम करा," शेवटी म्हातारे म्हणाले. "पानावरची ती ओळ काढू नका."

"कुठली?"

त्यांनी फोन उचलला, बोटं चालवली. फोन बोलायला लागला, "मोहरीच्या फुलासारख्या पिवळ्या लोकरीचा..." त्यांनी तो तिथेच थांबवला.

"मला लहानपणी दिसायचं. बाकीचे रंग गेले, पिवळा तेवढा राहिला डोक्यात. तिला रोज विचारायचो, अगं रंग कोणता? म्हणायची, अंगात घातलात की सांगेन. मरेपर्यंत सांगितलं नाही बयेनं." ते हसले, आणि हसता हसता त्यांचा आवाज भरला. "तो तुम्ही सांगितलात. स्वेटर आता तेवढाच उरलाय, त्या ओळीत. म्हणून काढू नका."

"नाही काढणार."

"आणि पुढे काय झालं तेही लिहा. सगळं लिहा. नाहीतर मी म्हातारा माणूस, एखाद्या दिवशी विसरेन आणि परत येऊन उभा राहीन तुमच्या खिडकीशी, माझा स्वेटर द्या म्हणून."

खूणवाल्यांनी मफलर पुढे केला. "हा तरी ठेवा काका."

"तुमच्या घरची वीण आहे ती. मला काय सांगणार ती? तुम्हीच घाला. थंडी आहे."

तो घालणं ही शिक्षा आहे की माया, हे खूणवाल्यांना त्या दिवशी कळलं नाही आणि पुढेही कधी नीट कळलं नाही. पण सांगितलं म्हणून त्यांनी तो घातला.

सकाळी ऑफिसात येऊन त्यांनी तोच फोटो उघडला. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. खूणवाल्यांनी त्यांना काहीही लपवून न ठेवता सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "वाटपाची रीत आजपासून बंद. आणि तुम्ही लिहा." खूणवाल्यांनी जुन्या वर्णनाखाली एकेक अक्षर टिपत लिहिलं.

‘पाठीच्या गळ्याशी आतून एक गाठ होती, घालणाऱ्याला हातानं पाठ-पोट कळावं म्हणून. फोटोवर लाल पट्टी आहे, निकाली. हा स्वेटर आता नाही. मालकानं फोन केला होता, त्याचं ऐकून घेतलं नाही. मुदत संपल्यावर खिडकीवरच्या कारकुनानं तो घरी नेला आणि उसवायला लावला. त्याचा मफलर झाला. तो कारकुनाच्या गळ्यात आहे.’

त्यांनी बटण दाबलं. प्रोग्रामनं क्षणभर तपासलं आणि हिरवी खूण दिली. ‘पिशवी’ लिहिलं होतं तेव्हाही अशीच दिली होती.